बचाव कीं चढाई?

खेळाविषयींचे कांहीं प्रश्न क्रीडांगणावर उपजतात खरे, पण ते तेथेंच संपत नाहींत. व्यावसायिक फुटबॉलचा संघ उभारतांना आधीं बचावाची फळी भक्कम करावी कीं आघाडीची, हा अशांपैकींच एक प्रश्न होय. वरवर पाहतां हा निव्वळ तिजोरीचा हिशेब वाटतो. थैली एकच असते. तींतून नामांकित आघाडीचा खेळाडू घेतला तर खंबीर बचावपटूसाठीं पैसा उरत नाहीं, आणि सरावाचे तासही मोजकेच असल्यामुळें एका अंगास दिलेला वेळ दुसऱ्या अंगाचा कमी होतो. तेव्हां प्रत्येक संघचालकास कोणत्या तरी एका बाजूस कौल द्यावाच लागतो. तो देतांना एका फार जुन्या प्रश्नाचेंही उत्तर त्याच्याकडून नकळत दिलें जातें: अनिष्ट टाळणें हें मनुष्याचें आद्य कर्तव्य, कीं इष्ट घडवून आणणें हें? संसारांत या प्रश्नाचा निकाल लागावयास पिढ्या लोटतात; फुटबॉलमध्यें तो दीड तासांत लागतो, आणि शंभर वर्षांचा पुरावाही हाताशीं असतो. म्हणून आम्ही त्याचा विचार फुटबॉलच्याच आधारें करूं इच्छितों.

प्रथम बचावपक्षाचें म्हणणें ऐकूं. ज्या संघावर एकही गोल होत नाहीं तो हरूं शकत नाहीं, हें त्या पक्षाचें पहिलें प्रमेय. आणि तें अंकगणिताइतकेंच निर्विवाद आहे. चढाई करणाऱ्यास असें अभय कोणीच देत नाहीं. तीन गोल करून चार खाल्ले, तर पराभव तो पराभवच. दुसरें असें कीं, या खेळांत गोल ही दुर्मिळ वस्तु आहे, आणि जें दुर्मिळ त्यांत दैवाचा वांटा मोठा. खांबास लागलेला चेंडू आंत जाईल कीं बाहेर, हें कोणाच्याही सरावानें ठरत नाहीं. उलट, चौघांनीं एका ओळींत सरकावें, एक पुढें धांवला कीं दुसऱ्यानें त्याची जागा भरावी, हें शिस्तीनें साधतें. तिसरा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आघाडीचें मोल तिच्यांतील सर्वांत गुणी खेळाडूवरून ठरतें, बचावाचें सर्वांत दुबळ्या खेळाडूवरून. एकट्याच्या प्रतिभेनें गोल होऊं शकतो, तसाच एकट्याच्या गाफीलपणानें सारा तट ढांसळतो. म्हणून जो संघ बचावावर उभारला जातो, त्यास आपल्यांतील अगदीं सामान्य गड्याचीही काळजी वाहावी लागते. त्यास शिकवावें लागतें, सांभाळावें लागतें, आणि त्याची चूक निस्तरण्यास शेजाऱ्यानें सदैव सज्ज राहावें लागतें. एकमेकांविषयींची ही जबाबदारी नीतीच्या दृष्टीनें लहानसहान गोष्ट नव्हे.

या पक्षाचा उगम पाहिला म्हणजे त्याजविषयींचा आदर वाढतो. १९३० नंतरच्या दशकांत स्वित्झर्लंडमध्यें कार्ल रापान हा मूळचा व्हिएन्नाचा प्रशिक्षक काम करीत होता. त्याच्या हाताखालील पुष्कळसे खेळाडू पोटासाठीं दुसरा उद्योग करून खेळणारे; प्रतिस्पर्धी मात्र पूर्णवेळ, दमदार आणि कसलेले. समोरासमोरच्या झुंजींत आपला निभाव लागणार नाहीं हें ओळखून त्यानें आपलीं माणसें मागें घेतलीं, व सर्व बचावपटूंच्याही पाठीमागें एक मोकळा गडी ठेवला. दाराला आंतून लावावयाच्या अडसराचें नांव या रचनेस मिळालें. १९३८ च्या विश्वचषकांत पॅरिस येथें स्विस संघाची गांठ जर्मनीशीं पडली. त्याच वर्षीं मार्चमध्यें जर्मनीनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता व तेथील खेळाडूही आपल्या संघांत ओढले होते. पहिला सामना १–१ असा बरोबरींत सुटला. पुन्हा खेळविलेल्या सामन्यांत दोन गोलांनीं मागें पडूनही स्विस संघानें तो ४–२ असा जिंकला. पुढें इटलींत अशीच रचना 'कातेनाच्चो', म्हणजे पुन्हा अडसरच, या नांवानें प्रसिद्ध झाली. त्याही पुढें, २००४ सालीं, ज्यानें तोंवर कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरींत एकही सामना जिंकला नव्हता अशा ग्रीसनें, बाद फेरींत फ्रान्स, चेक प्रजासत्ताक व यजमान पोर्तुगाल या तिघांसही १–० असें नमवून युरोपचें अजिंक्यपद मिळविलें. त्या खेळास रटाळ म्हणणारे पुष्कळ निघाले. पण दुबळ्यानें बलाढ्याशीं लढतांना प्रेक्षकांच्या करमणुकीचीही चिंता वाहावी, ही अपेक्षा आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

बचाव करणाऱ्याविषयीं जग एरव्हींही कृतघ्नच असतें. झालेला गोल सर्वांस दिसतो. न होऊं दिलेला कोणाच्या हिशेबीं राहत नाहीं. सर्वोत्तम फुटबॉलपटूस 'बॅलन डी'ओर' हें पारितोषिक १९५६ पासून दिलें जातें. पुरुषांमध्यें तें गोलरक्षकास एकदांच, १९६३ सालीं, सोव्हिएत संघाच्या लेव्ह याशिनच्या रूपानें मिळालें आहे. १९५० च्या विश्वचषकाच्या शेवटच्या सामन्यांत ब्राझीलला रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेशीं केवळ बरोबरी पुरेशी होती. आधींच्या दोन सामन्यांत स्वीडनवर सात आणि स्पेनवर सहा गोल चढविणाऱ्या आघाडीस त्या दिवशीं एकच गोल करतां आला, आणि सामना १–२ असा हातचा गेला. तरी दोषाचा सर्वांत मोठा भार पडला तो गोलरक्षक मोआसिर बार्बोझा याच्या शिरावर. आणि २००० सालीं मृत्यूनें सोडवीपर्यंत त्यास तो वाहावा लागला. घरांतलें दुखणें, देणें आणि भांडण उंबऱ्याबाहेर थोपवून धरणाऱ्या गृहिणीच्या वांट्यासही असेंच येतें. तिच्या हातून एखादें दिवशीं कांहीं सुटलें, म्हणजेच तिची आठवण होते.

येथवर वाचून आम्ही बचावपक्षास मिळालों, असें वाचकांस वाटेल. पण त्या पक्षास एक कसोटी लावावयाची राहिली आहे. जें वर्तन एकट्यास योग्य म्हणून आपण मानतों, तें सर्वांनींच स्वीकारलें तर काय होईल? एक संघ बचाव धरून बसला तर खेळ चालतो, कारण समोरचा चढाई करीत असतो. दोघेही बसले तर खेळच उरत नाहीं. बचाव नेहमीं दुसऱ्याच्या साहसावर जगतो. १९८२ च्या विश्वचषकांत स्पेनमधील हिहोन येथें पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया यांच्या सामन्यांत ही गोष्ट उघडी पडली. अल्जीरियाचे गटांतील सामने आधींच संपले होते. आतां जर्मनी एका गोलानें जिंकल्यास हे दोघेही पुढें जातात व अल्जीरिया बाहेर पडतो, हें दोघांसही ठाऊक होतें. आरंभींच जर्मनीचा गोल झाला. मग कोणीही कोणावर मनापासून चाल केली नाहीं. चेंडू आपापसांत फिरत राहिला आणि वेळ संपली. लेखी नियम एकही मोडला नव्हता, तरी जगभर संताप उसळला. आणि पुढच्या विश्वचषकापासून गटांतील अखेरचे सामने एकाच वेळीं खेळविण्याचा प्रघात पडला.

नियमकर्त्यांनींही वेळोवेळीं याच बाजूस वजन टाकलें आहे. १९२५ पूर्वीं पुढच्या खेळाडूकडे चेंडू देतांना त्याच्यापुढें प्रतिपक्षाचे तिघे असावे लागत. बचावपटू थोडे पुढें सरकून त्यास सहज 'ऑफसाइड' करीत. त्या वर्षीं तिघांचे दोन करण्यांत आले, आणि इंग्लंडच्या पहिल्या श्रेणींत एका हंगामांतील गोलांची संख्या ११९२ वरून १७०३ वर गेली. विजयास दोनांऐवजीं तीन गुण देण्याची रीत इंग्लंडमध्यें १९८१ पासून आली, विश्वचषकांत १९९४ पासून. १९९० च्या विश्वचषकांत ५२ सामन्यांत अवघे ११५ गोल झाले. त्यानंतर दोनच वर्षांनीं, सोबत्यानें पायानें मागें दिलेला चेंडू गोलरक्षकानें हातीं धरूं नये, असा नियम झाला. आपल्या कबड्डीचेंही तेंच. २०१४ सालीं सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्यें दोन चढाया कोऱ्या गेल्या, तर तिसरींत गुण न आणणारा गडी बाद होतो. या सर्व नियमांचें तात्पर्य एकच: बचावास शिकवावें लागत नाहीं, भीति तें काम आपोआप करते, चढाईस मात्र आधार द्यावा लागतो.

तर मग निर्णय कोणता? आमच्या मतें, 'दोहोंत श्रेष्ठ कोण' या प्रश्नानें हा वाद मिटणार नाहीं. संघ कोणाचा, त्याचें बळ किती, हें विचारल्यावांचून उत्तर देतां येत नाहीं. बचाव हा दुबळ्याचा हक्क आहे. चढाई हें समर्थाचें देणें आहे. रापानच्या खेळाडूंनीं अडसर लावला तो घर लहान व वादळ मोठें म्हणून. मिलानच्या इंटर संघाची गोष्ट निराळी होती. मालक धनाढ्य, १९६१ सालीं तोंवर कोणाही खेळाडूस न मिळालेली किंमत मोजून लुइस सुआरेझला आणलेलें, मात्सोला व फाकेत्ती यांच्यासारखे खेळाडू पदरीं. हेलेनियो हेर्रेराच्या या संघानें १९६४ व १९६५ असा दोनदां युरोपियन चषक जिंकला. १९६७ च्या अंतिम सामन्यांत लिस्बन येथें त्याच्यापुढें ग्लासगोचा सेल्टिक उभा राहिला. त्याचे अकराही खेळाडू त्या शहरापासून सुमारें तीस मैलांच्या आंत जन्मलेले. सातव्या मिनिटास इंटरला पेनल्टीवर गोल मिळाला, आणि तेथून तो संघ आपल्या गोलापुढें दाटी करून बसला. दुखापतीमुळें सुआरेझ त्या दिवशीं नव्हता, हें सांगणें न्यायाचें होईल; तथापि उरलेले दहाजणही कांहीं दरिद्री नव्हते. गोलरक्षक सार्तीनें फटक्यांमागून फटके अडविले. अखेर सेल्टिकचा जेमेल, जो स्वतः बचावपटू, त्यानें पुढें येऊन बरोबरी साधली, आणि सामना संपत आला असतां दुसरा गोल होऊन चषक ग्लासगोस गेला. इंटर हरला म्हणून आम्ही त्यास दोष देत नाहीं. तो जिंकला असता तरी आमचें मत बदललें नसतें. ज्याला देतां येत होतें, त्यानें मूठ मिटून ठेवली, हा त्याचा दोष.

यावर १९८२ च्या ब्राझीलचें उदाहरण पुढें करण्यांत येईल. बार्सिलोना येथें इटलीविरुद्ध त्यांस बरोबरी पुरे होती. २–२ असतांही ते पुढेंच जात राहिले, आणि ३–२ असे हरून स्पर्धेबाहेर पडले. समर्थानें देणें फेडावें तें असें लुटून घेऊन काय? आक्षेप वजनदार आहे. पण तो सामना नीट पाहिला तर दिसतें कीं, इटलीच्या रॉसीचा दुसरा गोल सेरेझोनें आपल्याच अर्ध्या मैदानांत बेफिकीरपणें आडवा दिलेल्या चेंडूमुळें झाला, आणि तिसरा कॉर्नरवरून, म्हणजे ब्राझील आपला गोल राखण्यास मागें आला असतां. त्या संघाचा घात औदार्यानें झाला असें म्हणण्यापेक्षां निष्काळजीपणानें झाला, असेंच म्हणावें लागेल. चढाईचें व्रत घेणाऱ्यानें दार उघडें टाकावें, असें आम्ही कोठेंही म्हटलेलें नाहीं. राखणें हें देण्याची पूर्वतयारी आहे. तयारीलाच जन्मभराचें कार्य मानणें, ही चूक.

आणि संघ व्यावसायिक असेल तर हें देणें अधिकच स्पष्ट होतें. त्याचें बळ कोठून येतें? आठवडाभर राबून रविवारीं तिकीट काढणाऱ्या माणसांच्या पैशांतून. लहान गांवच्या संघास तो पैसा थोडा मिळतो, म्हणून त्याच्याकडे मागणेंही थोडें; तो नुसता टिकला तरी त्याच्या लोकांस धन्यता वाटते. पण ज्याच्या थैलींत हजारोंची पुंजी सांठली, त्यानें ती केवळ हार टाळण्यासाठीं वापरावी, यांत व्यवहार असेल, प्रामाणिकपणा नाहीं.

हा न्याय मान्य करण्यांत एकच अडचण आहे: आपण समर्थ झालों, हें कोणीच कबूल करीत नाहीं. प्रत्येक श्रीमंत संघास आपल्याहून श्रीमंत असा दुसरा दिसतो, आणि तो पुन्हा अडसराकडे हात नेतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हेंच चालतें. आजोबांनीं काटकसरीनें, अब्रू जपून, कर्ज टाळून संसार तारला. त्यांच्यापाशीं दुसरा उपाय नव्हता, आणि त्यांच्या त्या बचावास आमचा नमस्कार असो. नातवाच्या हातीं आज शिक्षण आहे, स्थिर उत्पन्न आहे, पडल्यास सांवरणारीं माणसें आहेत. तरीही मुलीनें अपरिचित विद्या शिकूं म्हटलें, शेजारच्या अन्यायाविरुद्ध दोन शब्द बोलण्याची वेळ आली, कीं घरांतून उत्तर येतें तें आजोबांचेंच: आपलें सांभाळून असावें. त्यांच्या तोंडीं तें शहाणपण होतें. आपल्या तोंडीं तें तितकेंच खरें आहे काय, हें ज्यानें त्यानें आपलें बळ प्रामाणिकपणें मोजून ठरवावें. आणि बळ पुरेसें निघालें, तर अर्धी रेषा ओलांडावी.