शिवण्याचा शब्द

शब्दांची कुळे शोधण्याचा मला जुना नाद आहे. पाण्यात घाण मिसळली, अन्न बिघडले, की सुशिक्षित मंडळी हल्ली ‘कंटॅमिनेशन’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधला. त्याच्या मुळाशी ‘टँगेरे’, म्हणजे शिवणे, हा धातू आहे. उलट ‘इंटेजेर’, म्हणजे अखंड, निर्दोष. मुळात ज्याला कुणाचा हात लागलेला नाही तो! शिवला तो बाटला, हे गणित केवळ आपल्याच घरचे नव्हे तर!

पण त्याच धातूपासून ‘कॉन्टॅक्ट’ही झाला आहे, म्हणजे संपर्क, ओळख. एकाच आईची ही दोन लेकरे. माणसाने माणसाला शिवले म्हणजे नाते जडते की विटाळ होतो, हे धातू सांगत नाही. ते आपण ठरवतो.

आमच्या जुन्नरने ते एकेकाळी फार सुरेख ठरवले होते. नाणेघाटातून कोकणच्या बंदरांकडे व्यापार चाले, तेव्हा परदेशी माणसे इथे वावरत. शिवनेरीच्या कड्यातील बौद्ध लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे दोन लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिली, असे एक सांगतो. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला, असे दुसरा. पाणी आणि अन्न! विटाळाला नेमकी हीच दोन ठिकाणे आधी आठवतात. भिक्षूंनी मात्र दात्याचे नाव दगडावर राहू दिले.

आता घाट उतरून महाडला चला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. मागाहून सनातन्यांनी मंत्र म्हणत त्या तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतले आणि त्याला शुद्धी म्हटले. वाचकहो, तळ्यात काही मिसळले ते कुणी?

म्हणून मला वाटते, दूषिताची भीती टाकू नये. तिचा प्रश्न तेवढा बदलावा. ‘कोण शिवले?’ असे न विचारता ‘काय मिसळले?’ असे विचारावे. जुन्नर-आंबेगावच्या मळ्यांत फवारणीचा पंप ओढ्यात धुतला, तर ते विष पुढे कुकडीला किंवा घोडला मिळते. धुणाराची जात ते पाहत नाही, पिणाराचीही नाही.

राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता १९५० सालीच मोडीत काढली. तरी एखाद्या घरात कामाच्या बाईंचा कप अजून खिडकीत निराळा पालथा असतो. दिवाळीच्या साफसफाईत जाळीजळमटे निघतात, माळ्यावरची भांडीही खाली येतात. तो कपही या वर्षी घरातल्या कपांबरोबर फळीवर लावावा, आणि बाईंना त्याच फळीवरच्या कोणत्याही कपातून चहा द्यावा.