भोकाची किंमत

आमच्या घरात कपड्याचे चार आश्रम आहेत. आधी तो बाहेर जाताना घालायचा, मग घरात घालायचा, मग झोपताना आणि शेवटी त्यानं फरशी पुसायची. माझा करडा स्वेटर तिसऱ्या आश्रमात सुखानं नांदत होता. कोपराला एक भोक, पाठीला दोन. हिनं त्याला परस्पर संन्यास दिला. मी म्हटलं, "अगं, असलाच भोकं पडलेला स्वेटर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियमनं जपून ठेवलाय!"

"मग तुम्हीही तिकडंच जाऊन राहा," ही म्हणाली.

पण ही थाप नव्हे. रेई कावाकुबो नावाच्या जपानी बाई आहेत. 'कॉम दे गार्सों' ही त्यांची कपड्यांची पेढी १९६९ पासूनची. १९८१ साली त्या पॅरिसला गेल्या आणि १९८२ साली त्यांनी काळा, भोकाभोकांचा स्वेटर काढला. कात्रीबित्री नाही लावली हं! विणायच्या यंत्राचे स्क्रू इथं-तिथं सैल करून ठेवले. यंत्रं फारच बिनचूक विणायला लागली, ते बाईंना सोसवेना. पॅरिसमध्ये काहींना त्या कपड्यांत अणुबॉम्बनंतरच्या चिंध्या दिसल्या, काहींना साक्षात्कार झाला. मला एवढंच कळलं, की यंत्राचा स्क्रू ढिला केला तर कला होते. माणसाचा ढिला असला तर नुसताच संसार होतो.

हे सगळं मी हसण्यावारीच नेलं असतं. पण २०१७ साली भाच्याकडे टोकियोला गेलो, तेव्हा भाचेसुनेनं मला असाकुसातल्या एका म्यूझियममध्ये नेलं. (२०१९ मध्ये ते बंद झालं.) तिथं 'बोरो' होते. बोरो म्हणजे चिंध्याच. जपानच्या उत्तरेला, आओमोरीकडे, थंडीमुळे कापूस पिकत नाही. गरिबांनी तागाचं नेसायचं आणि ओसाकाकडून जहाजानं येणारे जुन्या सुती कपड्यांचे तुकडे मिळतील तसे त्यावर शिवत जायचे. आजीनं लावलेल्या ठिगळावर आईचं ठिगळ, त्यावर लेकीचं. 'डोंजा' नावाचं तर असं जाडजूड पांघरूण, की एकाच्यात अख्खं कुटुंब शिरून झोपायचं. आणि एक बाळंतपणाचं कापड, पिढ्यान्‌पिढ्या जोडत आणलेलं. मूल पहिल्यांदा त्याच्यावर यायचं. आपल्याकडे नाही का, आजीच्या लुगड्याचं दुपटं?

तिथं कापडाला हात लावू देत. मी लावला. धावदोरा होता. साधा, थोडा वाकडा, आमच्या आईचा असायचा तसा. मी हात काढून घेतला.

कारण चौथीत असताना माझ्या खाकी चड्डीला आईनं मागं दोन ठिगळं लावली होती. वर्गात तिला 'पोस्टाची पेटी' म्हणत. मी दप्तर मागं धरून भिंतीला पाठ लावून चालायचो. एके दिवशी चड्डी उकिरड्यावर टाकून आलो नि आईला सांगितलं, हरवली. आई काही बोलली नाही. बोरो नेसणाऱ्यांच्या घरच्यांनीही पुढं ते असेच लपवून ठेवले होते म्हणे, लाजेनं. आता त्यांच्यासाठी संग्राहक हजारो रुपये मोजतात.

बाहेर आल्यावर मी भाचेसुनेशी भांडलो. म्हटलं, "ज्याच्या कपड्याला भोक आपोआप पडलं त्याला हसायचं, नि ज्यानं मुद्दाम पाडलं त्याला पैसे द्यायचे? हा कुठला न्याय?"

"मामा, त्या बाई काही गरिबी विकत नाहीत. सगळं एकसारखं, गुळगुळीत होत चाललंय, त्याला त्यांचा विरोध आहे. आणि इसे मियाकेंचं बघा. त्यांच्या कंपनीनं २००० साली 'हाट' काढलं. आपला बाजाराचा हाट! भारतातल्या कारागिरांच्या हातचं काम असतं त्यात. कारागिराला काम मिळालं की नाही?"

"मिळालं. पण माझ्या आईला?"

"तुमच्या आईनं विकलं असतं का?"

ह्याला उत्तर सुचेना, म्हणून मी चहा मागवला. तोही हिरवा आला. दुसऱ्याच्या गरजेला सुंदर म्हणायचा अधिकार नक्की कोणाला, हे मला तेव्हा कळलं नाही नि अजूनही कळत नाही. ज्याला थंडी वाजत नाही त्यालाच ते सौंदर्य दिसतं, अशी मला दाट शंका आहे. पण मग माझा हात का थरथरला? मला काही थंडी वाजत नव्हती. जाकीट चांगलं कापूस भरलेलं होतं.

पुण्याला आल्यावर माळ्यावरून आईची गोधडी काढली. तिच्या पायाकडच्या कोपऱ्यात खाकी कापडाचा एक चौकोन सापडला. त्याच्यावर आणखी दोन ठिगळं.

म्हणजे उकिरड्यापर्यंत ती जाऊन आली होती.

"धुवायला टाकू का?" हिनं विचारलं.

"नको."

"उन्हात तरी घाला. वास येतोय."

घातली. आणि फरशी पुसून वाळत टाकलेला स्वेटरही दोरीवरून काढून आणला.