गोदोहन आणि कॅमेरा

लग्नविधी चालू असताना मध्येच ‘थांबा, पुन्हा एकदा’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असावा? फार तर पुरोहिताला, आणि तोही मंत्रात किंवा क्रमात चूक झाली तरच. आज मात्र कोणत्याही मंगल कार्यालयात हे शब्द ऐकू येतात ते फोटोग्राफरच्या तोंडून. मंगळसूत्र बांधून झालेले असते, पण नेमक्या क्षणी कोणाचा तरी हात आड आलेला असतो, म्हणून वराला पुन्हा मानेमागे हात न्यायला लावतात. लाह्या अग्नीत पडून गेलेल्या असतात, पण ज्योत फोटोत नीट आलेली नसते, म्हणून आणखी एक ओंजळ मागितली जाते. गुरुजी गप्प बसतात, कारण दक्षिणेपेक्षा शूटिंगचे पॅकेज कितीतरी मोठे आहे हे त्यांना ठाऊक असते. यावर नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे ‘या फोटोवाल्यांनी लग्नाचा तमाशा केला’. ही तक्रार मला उथळ वाटते. फोटोवाला आपण होऊन मांडवात घुसलेला नाही. त्याला ॲडव्हान्स देऊन यजमानानेच बोलावले आहे. तेव्हा त्याला कशासाठी बोलावले आणि विधीत त्याची जागा कोणती, हा प्रश्न यजमानाच्या धर्मबुद्धीचा आहे. त्याचे उत्तर ठरल्याशिवाय स्टुडिओ निवडणे म्हणजे नुसते अल्बम चाळणे होय.

या प्रश्नाला उपयोगी पडेल अशी एक जुनी हत्यारपेटी आपल्याकडे आहे: पूर्वमीमांसा. मराठी वाचक गागाभट्टांना १६७४ च्या राज्याभिषेकामुळे ओळखतो, पण त्यांची विद्या ही होती. ‘भाट्टचिंतामणी’ हा त्यांचा मीमांसेवरचाच ग्रंथ. कर्मात जी जी गोष्ट येते ती कशासाठी येते, हे विचारणे हा मीमांसकांचा जन्माचा धंदा. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या चौथ्या अध्यायात त्यांनी दोन वर्ग केले आहेत. जी गोष्ट कर्म पुरे होण्यासाठी लागते ती क्रत्वर्थ. तिच्यावाचून कर्मच अपुरे राहते. जी करणाऱ्या माणसाच्या इच्छेसाठी असते ती पुरुषार्थ. ती नसली तरी कर्माला उणेपण येत नाही. त्यांचे ठरलेले उदाहरण दर्शपूर्णमास यागातले आहे. त्यात पाणी नेण्यासाठी चमस नावाचे लाकडी पात्र सांगितले आहे. पण ज्याला पशुधनाची इच्छा असेल त्याने ते पाणी गोदोहनात, म्हणजे गाईची धार काढण्याच्या भांड्यात न्यावे. चमस क्रत्वर्थ, गोदोहन पुरुषार्थ. यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे माणसाच्या खासगी इच्छेला शास्त्राने यज्ञशाळेतून हाकललेले नाही. तिला आत घेतले आहे, चमसाची जागासुद्धा दिली आहे. आणि दुसरी, जी सहसा कोणी सांगत नाही: भांडे कोणतेही असो, पाणी पोचलेच पाहिजे. गुरे हवीत म्हणून कोणी पाणी नेणेच सोडले तर त्याला यागही साधला नाही आणि गुरेही लाभणार नाहीत, कारण ते फळ त्या कर्माच्याच आधाराने मिळायचे असते.

लग्नातला फोटो हा असा गोदोहनाच्या जातीचा आहे. आठवण राहावी, दूरच्या नातलगांना दाखवता यावे, क्वचित मिरवावेही, या इच्छा माणसाच्या आहेत. विवाहकर्माला त्यांच्यावाचून अडत नाही. म्हणून त्या हीन ठरत नाहीत. होमकुंड प्रकाशाच्या बाजूला चार हात सरकवले, खांबाआड येणारे पाट हलवले, तर भांडे बदलले एवढेच. प्रश्न पाण्याचा आहे. विवाहात पाणी कोणते? म. म. पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’च्या दुसऱ्या खंडात विवाहाच्या घटकांची लांबलचक यादी दिली आहे आणि त्यांच्या क्रमाविषयी सूत्रकारांत एकमत नाही हेही दाखवले आहे. म्हणजे रुखवतापासून कानपिळीपर्यंत बहुतेक गोष्टींत देशाचार, कुलाचार चालतो. पण विवाह पक्का कधी होतो याविषयी मनुस्मृती नेमकी बोलते: सातव्या पावलाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही तीच जागा धरली. जिथे रूढीत सप्तपदी आहे तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो, असे त्याचे सातवे कलम सांगते. हा निव्वळ शब्दच्छल नाही. महाराष्ट्रातल्याच एका द्विभार्या खटल्यात १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडले, कारण दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाल्याचे सिद्ध झाले नाही, आणि त्यांच्यावाचून चालते अशी रूढीही सिद्ध झाली नाही. एप्रिल २०२४ मध्ये न्या. नागरत्ना यांच्या खंडपीठाने याच्या उलट बाजूचे प्रकरण पाहिले: हाती प्रमाणपत्र आणि नोंदणी होती, विधी मात्र झालेला नव्हता. न्यायालयाने तो हिंदू विवाह मानला नाही, आणि लग्न म्हणजे नाचगाणे आणि जेवणावळी नव्हे, असेही जाता जाता सुनावले.

आता मांडवात कॅमेरे कुठे रोखलेले असतात ते पाहा. मंगलाष्टके संपत आली की तिन्ही बाजूंनी गर्दी होते, ड्रोन खाली येतो, अंतरपाट दूर होताना वधूवरांचे चेहरे टिपायचे असतात. तो क्षण सुंदर आहे यात वाद नाही. पण अक्षता पडल्या की पाहुणे जेवणाकडे वळतात, आणि ज्याला शास्त्र आणि कायदा दोघेही निर्णायक म्हणतात तो विधी बऱ्याच ठिकाणी आईवडील, गुरुजी आणि चार जवळची माणसे यांच्यासमोर, पंगतीच्या गडबडीत उरकतो. फोटोग्राफरही त्याच वेळी जेवून घेतो किंवा स्टेजवरच्या दिव्यांच्या मागे लागतो. राहिलाच तर उरलेल्या थोड्या साक्षीदारांपैकी तो एक असतो, म्हणून त्याच्या वागण्याला इथे सर्वांत जास्त वजन. कोणी म्हणेल, छायाचित्र हाच तर आजचा पुरावा. विवाह नोंदणीलाही लग्नाचा फोटो मागतात. मागतात, पण त्यासोबत तीन साक्षीदारांच्या सह्याही मागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही डिजिटल नोंद पुराव्यात दाखल करायची तर तिच्याबरोबर ते उपकरण सांभाळणाऱ्या माणसाचे प्रमाणपत्र लागते. यंत्राला शपथ घेता येत नाही, ती माणसाने घ्यायची. मग ज्याने सातवे पाऊल दोनदा टाकायला लावले, त्याने कोणत्या पावलाची शपथ घ्यायची?

साक्षी कसा असावा याचा विचार सांख्यांनी बारकाईने केला आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुषाची लक्षणे म्हणून साक्षित्व, माध्यस्थ्य, द्रष्टेपण आणि अकर्तेपण ही एकत्र सांगितली आहेत. बघणारा आणि न करणारा, दोन्ही एकदम. पण यावर एक बळकट आक्षेप सांख्यांच्याच पोटातून निघतो. पुरुष काही करत नसला तरी त्याच्या नुसत्या सान्निध्याने प्रकृती हालचाल करू लागते. तसेच कॅमेरा गप्प राहिला तरी त्याच्यासमोर माणसे सावरून बसतात, पदर सारखा होतो, चेहऱ्यावर हसू येते. मग न बदलवणारा साक्षी मांडवात मिळायचा कुठून? मिळणार नाही, हे मान्यच करावे लागते. पण त्याच कारिकांत नर्तकीचा दृष्टांत आहे: रंगमंचावर स्वतःला दाखवून झाले की ती निवृत्त होते. तिथला प्रेक्षक तिला पुन्हा बोलावत नाही. बघण्याने थोडा बदल होणे वेगळे, आणि बघणाऱ्याच्या सोयीसाठी झालेले कर्म पुन्हा करायला लावणे वेगळे. पहिल्यात साक्षी साक्षीच राहतो. दुसऱ्यात तो कर्ता होतो, आणि दुसऱ्यांदा बांधलेले मंगळसूत्र हा विधी उरत नाही, त्या विधीचा अभिनय होतो. वाईट असे की अल्बममध्ये जातो तो अभिनय, आणि घडलेला विधी एडिटिंगमध्ये कापला जातो.

लग्न हा पूर्वीपासूनच देखावा होता, वराती काय आणि मेणे काय, असे कोणी म्हणाले तर ते खरेच आहे. परंतु वरात विधीच्या आधी किंवा नंतर निघे. लाजाहोम अडवून तिला वाट द्यावी लागत नसे. त्याहून गंभीर आक्षेप दुरावलेल्यांचा आहे. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी होती, तेव्हा कित्येक आजीआजोबांनी नातवंडाचे लग्न पाहिले ते पडद्यावरच. त्यांच्यासाठी कॅमेरा ही चैन नव्हती. मान्य, पण तो आक्षेप माझ्या बाजूने अधिक बोलतो. दूर बसलेल्या आजीला जे घडते आहे ते, घडते तेव्हा पाहायचे असते. सजवून पुन्हा केलेल्या कृतीचे तिला काय?

राहिले ते ज्यांचा होमावर विश्वासच नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि पुरोहितावाचून विवाह लावले. १८८७ मध्ये छापलेल्या पूजाविधीत त्यांनी वधूवरांच्याच तोंडी मराठी मंगलाष्टके घातली. तिथे दोघांनी एकमेकांना दिलेले वचन हेच पाणी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालीही विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांना एकमेकांचा स्वीकार तोंडाने बोलावा लागतो. अग्नी असो वा नसो, एकदा म्हटल्याने ज्याला अर्थ येतो असे काहीतरी प्रत्येक विवाहात असते. नास्तिकाला तर ते जास्तच जपायला हवे, कारण त्याच्यापाशी वचनाला टेकू देणारे दुसरे काही नाही.

तेव्हा निवड करताना नमुन्याचे निवडक तीस फोटो पाहून काही कळत नाही. एखाद्या लग्नाचे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो मागावेत आणि त्यात सप्तपदी किती, होम किती, आणि स्टेजवर उभे करून काढलेले किती, ते पाहावे. ज्याच्याशी बोलणी झाली तोच येणार की दुसरीच टीम पाठवणार, हे विचारावे. साक्षीदार बदलीवर पाठवता येत नाही. आदल्या दिवशी गुरुजींशी त्याची दहा मिनिटे गाठ घालून द्यावी, म्हणजे कुठे उभे राहायचे आणि काय थांबणार नाही हे दोघांना कळते. हळदीला आणि प्री-वेडिंगला हवे तितके पुन्हा पुन्हा करा, तिथे कर्म नाही. फोटोंची मालकी लिहून घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा असतो. पण स्टुडिओच्या छापील अटींत तो उलट करार बारीक अक्षरांत दडलेला असू शकतो, आणि मग आपल्या कन्यादानाची रील त्याच्या जाहिरातीत फिरते. आणखी एक अट यजमानाने स्वतःवर घालून घ्यावी: विधीतला एखादा क्षण हुकला तरी बिलातून पैसे कापणार नाही. पुन्हा करायला लावण्यामागे फोटोग्राफरचा हावरेपणा असतो त्याहून जास्त ही कपातीची भीती असते. ती काढून टाकणारी अट स्टुडिओ आनंदाने मान्य करतात. अडते ते यजमानांपाशी, कारण अल्बममधले एक पान रिकामे दिसले की स्टुडिओला पहिला फोन त्यांचाच जातो.