डास कोणाचा?



पावसाळ्यात आपण डासांना शिव्या देतो. पण डासाची मादी अंड्यांच्या पोषणासाठी रक्त शोषते. तो तिचा निसर्गधर्म. पाप-पुण्याचा विवेक तिला नाही, आपल्याला आहे.

डेंग्यूचा एडिस डास गटारापेक्षा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पिंप, कुंडीखालची बशी, जुना टायर त्याला पुरतो. अंड्याचा डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. तो फार दूर उडत नाही. म्हणजे आपल्या आळसाचा चावा बहुधा आपल्या घरच्यांना किंवा शेजाऱ्यालाच बसतो.

शेजारचे मूल तापाने फणफणले, तर डास कोणाच्या पिंपातला हे कधीच सिद्ध होणार नाही. म्हणून आपण निर्दोष ठरतो का? निष्काळजीपणातून आलेले अज्ञान ही सबब नव्हे, असे ॲरिस्टॉटल सांगतो. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले ते १८९७ साली. आज 'ठाऊक नव्हते' असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

मिस्सामध्ये आपण कर्तव्यात केलेल्या कसुरीचीही क्षमा मागतो. तेव्हा दर रविवारी घरी गेल्यावर पिंप रिकामे करू या आणि आतून घासू या, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. शेजारप्रीती इतकी साधीही असते.