जवळून पाहणारा

॥ श्रीकृष्ण प्रसन्न ॥

आज गीतेच्या तेराव्या अध्यायातला, देहात राहणाऱ्या परमपुरुषाला निरनिराळी नावं देणारा श्लोक वाचला. त्यातली तीन नावं घेऊ. उपद्रष्टा म्हणजे जवळून पाहणारा, अनुमन्ता म्हणजे अनुमती देणारा, भर्ता म्हणजे सांभाळणारा. उपद्रष्टा समजावताना शंकराचार्य भाष्यात यज्ञाचा दाखला देतात. ऋत्विज आणि यजमान कामात गुंतलेले असतात, आणि यज्ञ जाणणारा दुसरा कोणी जवळ बसून, स्वतः हात न लावता, त्यांचे गुणदोष पाहत असतो.

सध्या मलाही असा एक उपद्रष्टा लाभला आहे, म्हणून मन इथेच अडलं!

माझं हृदय दुबळं झालंय. डॉक्टर 'हार्ट फेल्युअर' म्हणतात. (नावानेच निम्मा माणूस खचतो. हृदय बंद पडलं असा त्याचा अर्थ नाही, रक्त ढकलायची त्याची ताकद पुरी पडत नाही, इतकंच.) अशात अंगात पाणी साठतं, आणि पाय सुजण्याआधी, धाप लागण्याआधी बऱ्याचदा वजन वाढतं. म्हणून रोज सकाळी काही खाण्याआधी काट्यावर उभं राहायचं. तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढलं तर लगेच कळवायचं. आमचा काटा तो आकडा थेट मुलीच्या मोबाईलवर पाठवतो. मग दुसऱ्या गावाहून फोन येतो, "बाबा, काल लोणचं खाल्लंत ना?"

माझ्या एका मित्राने असाच काटा पलंगाखाली सरकवून ठेवलाय. "माझ्या शरीराचा हिशेब रोज सुनेला कशाला द्यायचा?" म्हणतो. त्याला हट्टी म्हणून सोडून देणं मला पटत नाही. पण काटा पलंगाखाली असला तरी पाणी साठायचं थांबत नाही, आणि एखाद्या रात्री धापेनेच जाग येते, हेही तितकंच खरं. मग हे पाहणं काळजी आहे की पाळत?

दोन अभ्यास वाचले. अमेरिकेतला २०१० साली प्रसिद्ध झाला, १६५३ रुग्णांचा. रुग्णाने रोज फोन लावायचा आणि यंत्राच्या प्रश्नांना बटणं दाबून उत्तरं द्यायची. सहा महिन्यांत पुन्हा दाखल होण्यात किंवा मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. कित्येकांनी तर तो फोन कधी लावलाच नाही. दुसरा जर्मनीतला, २०१८ चा, दीड हजारांवर रुग्णांचा. तिथे वजन, रक्तदाब, ईसीजी बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या केंद्रात जायचं, आणि तिथे चोवीस तास डॉक्टर-नर्स बसलेले. ते फोन करत, औषधं बदलून देत. तिथे वर्षाला शंभरामागे सुमारे ११ ऐवजी ८ मृत्यू झाले. रुग्ण वेगळे, पद्धत वेगळी, सरळ तुलना करू नये. तरी मला दिसतं ते असं, की नुसता आकडा टिपणारं यंत्र फार तर उपद्रष्टा आहे. भर्ता व्हायला पलीकडे कोणीतरी उठून काही करणारं लागतं.

आणि या दोघांच्या मध्ये गीतेने अनुमन्ता ठेवलाय. त्याचा एक अर्थ आचार्य असा देतात, की आपापल्या कामाला लागलेल्यांना तो साक्षी असूनही कधी अडवत नाही. मित्राचं दुखणं इथेच आहे. त्याला कोणी पाहतं याचा राग नाही. त्याला कोणी विचारलंच नाही, काटा आणला आणि जोडून टाकला, याचा आहे.

मुलगी काही परमेश्वर नव्हे, दोन किलो वाढल्यावर तिने गप्प बसावं असं मी म्हणणार नाही. पण परवा तिच्याशी बसून बोललो. आकडा तुला आणि डॉक्टरांना जाईल. तू आधी "दम लागतोय का, झोप झाली का" विचारायचंस, आकडा नंतर. आठवड्यातून एकदा लोणच्याची फोड माझ्या जबाबदारीवर. दोन्ही तिने मान्य केलं. माझं वजन घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही, या तिसऱ्या अटीवर मात्र अजून बोलणी चालू आहेत.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥