अंगठ्याखालचा कागद

बस. मोबाईल खिशात ठेव आणि हा गठ्ठा बघ. ३६ संमतीपत्रं. सगळ्यांवर एकच तारीख, एकाच पेनाची शाई. वेळेच्या रकान्यात सगळीकडे सकाळचे ११. अकराच्या ठोक्याला ३६ माणसांनी एकदम तुझा अभ्यास समजून घेतला का रे? त्यातले २२ अंगठे. आणि साक्षीदार? बावीसही ठिकाणी तुझा रूममेट. तो त्या दिवशी लेबर रूमला होता. मी ड्यूटीचा तक्ता बघितलाय.

थांब, आधी ऐकून घे. काल ओपीडीत तुझ्या यादीतली नववी बाई मला विचारत होती, "साहेब, त्या दिवशी अंगठा घेतला, त्या योजनेचे पैसे कधी जमा व्हायचे?" योजनेचे पैसे! तुझ्या प्रबंधासाठी ती चार वेळा जादा रक्त देणार, दर खेपेला एसटीनं येणार, खुरपणीची रोजी बुडवणार, आणि तिला वाटतंय सरकार तिच्या खात्यात काहीतरी टाकणार आहे. तू तसं सांगितलं नाहीस, मान्य. तू काहीच सांगितलं नाहीस. ती टेबलापाशी उभी होती. तू मान वर न करता "आजी, इथं अंगठा" म्हणालास. शाई पुसायला कापसाचा बोळासुद्धा दिला नाहीस. तिनं अंगठा पदराला पुसला. तो निळा डाग तिनंच मला दाखवला.

"सर, यांना कळत नाही." हेच म्हणणार होतास ना? मग मागच्या महिन्यात त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला इन्सुलिन कोण समजावत होतं? मी पडद्याआड उभा होतो. "बाबा, पाटात पाणी आलंय, पण वाफ्याचं तोंड बुजलंय. हे इंजेक्शन म्हणजे ते तोंड उघडणारं फावडं." म्हातारा हसला आणि त्यानं तुलाच उलट विचारलं, "मग पाणी जास्त झालं तर पीक कुजंल की?" साखर फार उतरण्याचा धोका त्यानं स्वतःहून ओळखला. कळत नाही म्हणे! उपचार करायचा असतो तेव्हा यांना कळतं आणि रक्त हवं असतं तेव्हा कळत नाही? तुला समजावता येतं. माझ्या हाताखालच्या मुलांत तुझ्याइतकं चांगलं कुणालाच येत नाही. म्हणून तर माझा संताप होतोय. येत नसतं तर शिकवलं असतं. येत असून केलं नाहीस, त्याला मी काय करू?

गेल्या वर्षी टस्कीगीच्या सिफिलिस अभ्यासावर सेमिनार तूच घेतला होतास. अलाबामातली मेकन काउंटी, १९३२ ते १९७२. ६०० गरीब काळे पुरुष, बहुतेक शेतात राबणारे. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस. त्यांना सांगितलं काय, तर तुमचं रक्त बिघडलंय. तपासणीसाठी मणक्यातून पाणी काढायचं आणि पत्रात लिहायचं की हा खास फुकट इलाज आहे. न्यायला गाडी, दुपारचं गरम जेवण, मेल्यावर मातीचा खर्च; तोही शव चिरायला मिळावं म्हणून. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हाताशी आलं, तरी यांना दिलं नाही. तुझ्या स्लाइडवर त्या डॉक्टरांसाठी 'राक्षस' हा शब्द होता. मला तो तेव्हाच खटकला. राक्षस म्हटलं की आपण सुटतो. ते राक्षस नव्हते रे. सरकारी आरोग्य खात्यातली नोंदी नेटक्या ठेवणारी, शिकलीसवरलेली माणसं होती. त्यांचे लेख वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. लपवाछपवी कसली? डॉक्टर वाचत होते आणि पान उलटत होते. १९६५ मध्ये डेट्रॉइटच्या अर्विन शॅट्झ या तरुण हृदयरोगतज्ज्ञानं वाचलं आणि त्याला राहवलं नाही. त्यानं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. त्याच खात्यात काम करणारा पीटर बक्स्टन १९६६ पासून वरिष्ठांच्या मागे लागला होता. शेवटी त्यानं कागद पत्रकारांकडे दिले, १९७२ च्या जुलैत बातमी फुटली, तेव्हा कुठे ते थांबलं.

तुझं आणि त्यांचं माप एक नाही, एवढं मला कळतं. तुझ्या पाच मिली रक्तानं कुणी मरणार नाही. पण फुकट इलाज समजून पाठ वाकवणारा तो माणूस आणि योजना समजून अंगठा देणारी तुझी आजी, दोघांना ठाऊक नव्हतं ते एकच. आपण इथं रोगी म्हणून आलोय की कुणाच्या अभ्यासाचा आकडा म्हणून.

अमेरिका लांब वाटत असेल तर खम्मम घे. २००९, तेव्हाचा आंध्र प्रदेश. मुलींना एचपीव्हीची लस द्यायचा प्रकल्प. वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या. काही मुली दगावल्या. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध नसावा असं निघालं, पण तोवर ऐकणार कोण? २०१० मध्ये प्रकल्प थांबवला, २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं संमतीच्या त्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती, गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी. आईबापांच्या दारापर्यंत जायचे कष्ट वाचवले आणि चांगली लस बदनाम करून ठेवली. उद्या आपल्या वॉर्डात एखादी बाई "नको, हे लोक रक्त घेऊन काय करतात कुणास ठाऊक" म्हणून उठून गेली, तर तिला अडाणी म्हणू नकोस. तो धडा तिला कुणी दिला?

"इथिक्स कमिटीनं मंजूर केलंय, सर." कमिटीनं पत्रावरचा मजकूर मंजूर केला. तुझं मुकाट अंगठे गोळा करणं नाही. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता तुला पाठ आहे. पहिलंच कलम स्वेच्छेच्या संमतीचं. आणि त्याच कलमात म्हटलंय की ही जबाबदारी प्रयोग करणाऱ्याची स्वतःची, ती दुसऱ्याच्या गळ्यात मारून मोकळं होता येत नाही. पेपरात हे झकास लिहिलंस. मग रूममेटच्या सहीचं काय? निरक्षर माणसाची संमती घेताना साक्षीदार त्रयस्थ लागतो आणि बोलणं चालू असताना तिथं हजर लागतो. पत्राची प्रत तिच्या हातात द्यायची असते. दिलीस? ३६ प्रती तुझ्या कपाटात सापडल्या, रबर बँड लावलेल्या.

वेळ नव्हता, असं तर तोंडातून काढूच नकोस. माणशी १५ मिनिटं धर. ३६ माणसं, ९ तास. सहा महिने हातात असताना ९ तास निघाले नाहीत? "सगळेच असं करतात" हे तू स्वतःशी म्हणालास आणि झोप लागली. कुणाला फसवतोस? त्या बाईला तर फसवलंसच, पण आधी स्वतःला. अकरा हा आकडा ३६ वेळा लिहिताना तुझा हात एकदाही थबकला नाही? थबकला असणार. मी तुला ओळखतो.

आता काय करायचं ते सांगतो. हे कागद फाडायचे नाहीत, ते माझ्या कपाटात राहतील. घेतलेल्या रक्ताचा एकही आकडा वापरायचा नाही. झालं ते जसंच्या तसं लिहून कमिटीला पत्र द्यायचं. लिहायचं तू, गाइड म्हणून खाली माझीही सही असेल. मुदत हुकली तर हुकली.

सोमवारी त्या आजीला रक्तासाठी बोलावलंयस. ओपीडी सुरू व्हायच्या आत कोपऱ्यातल्या खोलीत दोन खुर्च्या मांड. आधी तिला सांग की पैसे येणार नाहीत. मग वाफ्याचं तोंड वगैरे तुला जमतं तसं सगळं सांग, आणि नाही म्हटलं तरी तिची औषधं बंद होणार नाहीत, हेही सांग. ती नको म्हणाली तर तिला एसटी स्टँडपर्यंत सोडून ये.

आणि ते स्टॅम्प पॅड इथं टेबलावर ठेवून जा.