तिसऱ्या दिवशी परत येणारा रोगी

विल्यम अपजॉन १८७५ मध्ये मिशिगन विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि त्याच राज्यातल्या हेस्टिंग्ज या लहान गावात त्यांनी दवाखाना थाटला. तिथली त्यांची दहा वर्षं एका साध्या प्रश्नाने व्यापली होती. रोग्याला गोळी दिली, त्याने ती घेतली, तरी गुण का येत नाही? त्या काळी औषध मळून, वळून गोळी करत आणि वर लेप चढवत. अशा गोळ्या वाळून इतक्या टणक होत, की बऱ्याचदा पोटातून जशाच्या तशा बाहेर पडत. डॉक्टरने दिलेला डोस रोग्याला मिळतच नसे. त्यातली खरी अडचण फक्त रोगी पाहणाऱ्यालाच कळेल अशी होती. ताप उतरला नाही, तर निदान चुकलं, आजार चिवट निघाला की गोळी विरघळलीच नाही, हे ओळखायचं कसं? मात्रा वाढवावी, तर पुढची गोळी ताजी निघून नीट विरघळली म्हणजे पंचाईत.

अपजॉननी घरीच खटाटोप सुरू केला. फिरत्या भांड्यात बारीक कण टाकायचे, त्यांना जरासा ओलावा द्यायचा, वर औषधाची पूड भुरभुरायची, पुन्हा ओलावा, पुन्हा पूड. मळणं नाही, दाबणं नाही. थरावर थर चढत गोळी तयार होई आणि बोटाखाली दाबली की तिचा भुगा होई. १८८५ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी कॅलमझू शहरात भावांना सोबत घेऊन कंपनी काढली. अंगठ्याखाली चिरडली जाणारी गोळी हेच तिचं बोधचिन्ह झालं. डॉक्टरांना पाइनच्या लाकडाची फळी आणि दोन्ही प्रकारच्या गोळ्या टपालाने पाठवल्या जात, असं त्या कंपनीच्या इतिहासात सांगतात. प्रतिस्पर्ध्याची गोळी हातोडीने ठोकली की अख्खी लाकडात रुतायची. जाहिरातच ती, पण तिच्या मुळाशी दवाखान्यात आलेला अनुभव होता.

तिकडे शिकागोच्या रेव्हन्सवूड भागात वॉलेस अ‍ॅबट नावाचे दुसरे डॉक्टर औषधाचं दुकान आणि रोगी दोन्ही सांभाळत होते. तेही मिशिगन विद्यापीठाचेच, १८८५ चे पदवीधर. त्यांना छळणारी गोष्ट वेगळी होती. तेव्हाची बरीचशी औषधं म्हणजे वनस्पतींचे अर्क. झाड कोणत्या जमिनीत वाढलं, कधी तोडलं, अर्क किती दिवस बाटलीत राहिला, यावर त्याचा जोर ठरे. एका बाटलीतले दहा थेंब आणि दुसऱ्या बाटलीतले दहा थेंब सारखे नसत. डिजिटॅलिस किंवा बचनागासारख्या औषधात असा फरक जिवावर बेतू शकतो. बेल्जियममधल्या गेंट शहराचे शल्यवैद्य बुर्गग्राव यांनी यावर एक पद्धत मांडली होती. अर्काऐवजी वनस्पतीतलं शुद्ध अल्कलॉइड घ्यायचं, ते मोजून बारीक दाण्यात घालायचं आणि परिणाम दिसेपर्यंत दाणा-दाणा देत जायचं. असे तयार दाणे अ‍ॅबटना मनासारखे मिळेनात, म्हणून १८८८ मध्ये त्यांनी राहत्या जागी स्वतःच ते बनवायला घेतले. आजच्या अ‍ॅबट लॅबोरेटरीजचं मूळ ते. १८९१ मध्ये त्यांनी एका वैद्यकीय मासिकात २५ सेंटची जाहिरात दिली आणि तिच्यावर ८ डॉलरची मागणी आली.

आपल्याकडेही ही वाट नवी नव्हती. पनवेलला वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्येच धूतपापेश्वरचा कारखाना उभा केला होता. कोलकात्यात डॉ. एस. के. बर्मन यांनी १८८४ मध्ये डाबर सुरू केलं तेही रोगी तपासता तपासताच.

डॉक्टर कारखानदार झाला की लोक हळहळतात, ‘चांगला डॉक्टर धंद्यात पडला’ म्हणतात. मला हे पटत नाही. औषध करणं हीसुद्धा सेवाच आहे आणि ती रोगी पाहिलेल्या माणसाने केली तर जास्त बरी होते. अपजॉन आणि अ‍ॅबट यांनी सोडवलेले प्रश्न कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिलेले नव्हते. खाटेजवळ बसणाऱ्यालाच ते दिसत होते. माझा आक्षेप वेगळा आहे. दवाखान्यातून कारखान्यात जाताना डॉक्टर आपलं ज्ञान सोबत नेतो, पण एक गोष्ट मागे राहते आणि ती राहिल्याचं त्याच्या लक्षातही येत नाही.

ती कोणती, हे आपल्या जुन्या दवाखान्यांवरून सांगता येईल. पडद्यामागे कंपाउंडर मोठ्या बाटल्यांमधून मिक्श्चर ओतायचा. रोगी घरून धुतलेली बाटली घेऊन यायचा. बाटलीच्या कडेला कागदाची पट्टी डकवलेली असायची आणि तिच्या कडा कात्रीने करवती कातरलेल्या असायच्या. एक खाच म्हणजे एक डोस. ‘तीन दिवसांनी बाटली घेऊन या,’ असं डॉक्टर म्हणायचे. तिसऱ्या दिवशी रोगी यायचा आणि डॉक्टर आधी बाटलीकडे पाहायचे. पट्टीवरून कळायचं, औषध घेतलं की अर्ध्यावर सोडलं. मग ‘उतार आहे का?’, ‘पोटात मळमळतं का?’, ‘झोप लागली?’ औषध चांगलं की वाईट याचा निकाल तिथे लागायचा, देणारा आणि घेणारा समोरासमोर असताना. अमुक डॉक्टरांच्या हाताला गुण आहे असं आपण म्हणतो, त्यातला मोठा वाटा या फेरतपासणीचा असावा. चूक झाली तर ती तिसऱ्या दिवशी दारात येऊन उभी राहायची.

कारखान्याच्या दारात तिसऱ्या दिवशी कोणी येत नाही. तिथे परत येते ती मागणी. एखादी गोळी पुन्हा मागवली जाते म्हणजे ती चांगली, असा समज तिथे आपोआप रुजतो. अ‍ॅबट यांचंच पाहा. मोजलेल्या डोसचा आग्रह धरणाऱ्या या माणसाने पुढे स्वतःचं वैद्यकीय मासिक काढलं आणि त्यातून आपल्याच औषधांचा पुरस्कार केला. कंपनीचे रोखे डॉक्टरांना विकले. म्हणजे औषध लिहून देणारा डॉक्टर त्याच औषधाच्या नफ्यात भागीदार. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९०५ मध्ये औषधांची छाननी करणारं मंडळ नेमलं होतं. नंतर तिच्या नियतकालिकाने अ‍ॅबटवर कडक टीका केली, ती मला रास्तच वाटते. अ‍ॅबट लबाड होते असं मी म्हणणार नाही. आपल्या दाण्यांवर त्यांचा मनापासून विश्वास होता. पण तो विश्वास तपासून पाहणारा रोगी आता त्यांच्यासमोर बसत नव्हता.

ही गोष्ट १९३७ मध्ये ढळढळीतपणे समोर आली. सॅम्युअल मॅसेंगिल यांनी वैद्यकाची पदवी घेतली होती आणि टेनेसी राज्यात ब्रिस्टल इथे त्यांची औषध कंपनी होती. सल्फानिलामाइड हे तेव्हाचं नवं आणि खरोखर गुणकारी औषध गोळीच्या रूपात मिळत होतं. लहान मुलांना पातळ औषध हवं, अशी मागणी आली. कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं, रासबेरीचा स्वाद घातला, रंग, वास, चव तपासली आणि ‘इलिक्झर’ या नावाने माल रवाना केला. हे द्रावक मूत्रपिंडं निकामी करतं. शंभराहून अधिक माणसं दगावली, त्यात पुष्कळ मुलं होती. विषारीपणाची चाचणी कायद्याने सक्तीची नव्हती. कंपनीला दंड झाला तो लेबलवरच्या चुकीबद्दल. ज्यात अल्कोहोल असतं त्यालाच ‘इलिक्झर’ म्हणायचं आणि यात ते नव्हतं, एवढाच गुन्हा. मागणी होती, आम्ही ती पुरवली, असे परिणाम होतील हे आधी दिसणं शक्य नव्हतं, आपल्यावर जबाबदारी येते असं वाटत नाही, अशी भूमिका मॅसेंगिल यांनी घेतली.

त्याच वेळी मिसिसिपीतल्या माउंट ऑलिव्ह गावचे डॉ. कॅल्हून यांनी एक पत्र लिहिलं. पाव शतकाहून जास्त काळ ते तिथे प्रॅक्टिस करत होते. त्यांनी लिहून दिलेल्या त्या औषधाने त्यांचे सहा रोगी गेले, त्यातला एक त्यांचा जिवलग मित्र. आधी वापरलेलं औषध नव्या रूपात विष ठरेल याची त्यांना कल्पना नव्हती. तरीही ‘माझी चूक नाही’ हा आधार त्यांनी घेतला नाही. रात्रंदिवस होणारी तगमग त्यांनी लिहून ठेवली आहे. दोघेही वैद्यक शिकलेले. औषध ज्याने बनवलं तो म्हणतो माझी जबाबदारी नाही, आणि ज्याच्याकडे बोट दाखवता येणार नाही तो झोपू शकत नाही. मला हा फरक दोघांच्या स्वभावापुरता वाटत नाही. मेलेली सहा माणसं कॅल्हून यांना नावाने ठाऊक होती. मॅसेंगिल यांच्याकडे होती ती गॅलनची नोंद.

या प्रकरणानंतर १९३८ चा अमेरिकन कायदा आला आणि विक्रीआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवणं सक्तीचं झालं. पण ते विष तिथे थांबलं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्याने १४ रोगी दगावले. त्यातही हेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनापासून मंत्र्यांपर्यंत सर्वांची झाडाझडती घेतली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलं गेली. पुन्हा तेच रसायन. अठ्ठ्याऐंशी वर्षांनंतरही तेच कसं घडतं, याचं उत्तर केवळ लोभात शोधणं मला पुरेसं वाटत नाही. कच्च्या मालाचं पिंप तपासणाऱ्याला त्या बाटलीतला घोट घेणारं मूल दिसत नसतं. ते दिसत नाही म्हणून चाचणीचा कंटाळा परवडतो.

लिहिणारा आणि विकणारा यांच्यात अंतर राहावं म्हणून आपल्याकडे नियम आहेत. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने स्वतःच्या रोग्याला औषध देण्यात गैर काही नाही, मात्र इतरांच्या चिठ्ठ्यांवर औषधं विकणारं खुलं दुकान त्याने चालवू नये. २००९ मध्ये औषध कंपन्यांकडून भेटी घेण्यावर बंदी आली. अशा भेटींवरचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. २०२४ मध्ये औषधांच्या विपणनाची नवी संहिता आली. हे सगळं मला हवंच आहे. पण यातला प्रत्येक नियम पैशाची वाट अडवतो. रोग्याची परतीची वाट त्याने उघडत नाही.

ती वाट कागदावर तरी आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी भारतात २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालतो. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्याचं काम आहे आणि १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर डॉक्टरच काय, रोगीही तक्रार नोंदवू शकतो. पण ती नोंद उपयोगी पडायची तर औषधाचं नाव, कंपनी आणि बॅच नंबर कळला पाहिजे. आपल्या कितीतरी दवाखान्यांत आजही पत्र्याच्या डब्यातल्या सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतात. पुडीवर लिहिलेलं असतं ते सकाळ-संध्याकाळ. अंगावर पुरळ उठलं, घसा सुजला, तर त्या रोग्याने सांगायचं काय? पांढरी गोळी आणि पिवळी गोळी?

स्वतः औषध देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने केसपेपरवर औषधाच्या नावापुढे बॅच नंबर लिहावा आणि पुडीवरही लिहावा. एका गोळीमागे अर्धं मिनिट जाईल. आणि जे डॉक्टर पुढे कारखाना काढतील, त्यांनी आठवड्यातला एक दिवस तरी दवाखाना उघडा ठेवावा. तिथे स्वतःच्या कंपनीचं औषध लिहू नये. समोर बसलेल्या रोग्याला मात्र तीन दिवसांनी परत बोलवावं.